पुरात बुडालेली गाडी: या चुका टाळा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा दारात आणि तळमजल्यावर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा बंद उभ्या गाडीच्या इंजिनाची मोठी मोडतोड बहुधा पाण्यामुळे होत नाही. ती होते पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून फिरवलेल्या किल्लीमुळे.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असताना स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि त्याला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. इंजिन त्यातूनही चालू झालेच, तर हा रॉड तुटून इंजिनाचा मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉक, फोडू शकतो. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वरची जागा कमी असल्याने त्याला थोडे पाणीही पुरते. धक्का मारून गाडी चालू करणे हीदेखील तीच चूक आहे, केवळ स्टार्टर न वापरता केलेली. चालत्या गाडीचे इंजिन पाण्यात बंद पडले, तर पुन्हा प्रयत्न न करता शक्य तेवढ्या लवकर बाहेर पडावे.

विम्याचा प्रश्नही येथेच अडतो. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते. मात्र पाणी शिरल्यावर गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात झालेली इंजिनाची हानी विमा कंपन्या पुढचे, टाळता येण्याजोगे नुकसान मानतात आणि पॉलिसीला इंजिन संरक्षणाची जादा जोड (ॲड-ऑन) घेतलेली नसेल तर ती सहसा नाकारतात. म्हणून पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येण्यापूर्वी इंजिनाचा कोणताही भाग खोलू नये.

पाणी उतरल्यावर, हात पोहोचत असेल तर, बॅटरीची ऋण बाजूची वायर काढावी. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे हे नक्की. पण ते स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण पाणी तळाशी बसलेले असू शकते. गाडी दोरीने ओढत नेण्याऐवजी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर, चढवून न्यावी. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगला लावणे आणि उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलना हात लावणे कटाक्षाने टाळावे.

उन्हात दारे उघडी ठेवून गाडी वाळवणे पुरेसे नाही. गालिच्याखालचा फोम आठवडाभर ओला राहतो, आणि वायरिंगचे जोड व अनेक गाड्यांतील एअरबॅगचे नियंत्रण यंत्र याच पातळीवर असते. तेथे गाळ राहिला की जोडांना हिरवा गंज चढतो आणि दिवे, काचा, सेन्सर काही आठवड्यांनी एकेक करून बिघडू लागतात. त्यामुळे सीट आणि गालिचा पूर्ण काढूनच सफाई करून घ्यावी.