आधी अडवा, मग बांधा: घरच्या गाडीतून सामान नेताना

मे महिन्यात वर्षाचे गहू, भाद्रपदात गणपतीची मूर्ती, दिवाळीत गावाकडची फेरी आणि उन्हाळा लागेपर्यंत द्राक्षांच्या पेट्या. नाशिककराच्या घरच्या गाडीची हमाली बारा महिने चालू असते. मात्र ही गाडी माणसं नेण्यासाठी बनवलेली असते, सामान धरून ठेवायची सोय तिच्यात बेताचीच. म्हणून दोरी किती करकचून आवळली हा प्रश्न नंतरचा. सामानाला सरकायला जागा उरली आहे का, हे आधी बघायचं. सरकलेलं सामान वेग घेतं, आणि वेग घेतलेलं सामान सहसा दोरीला जुमानत नाही.

सुरुवात वजनाच्या हिशेबाने करा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमची मर्यादा, आणि तिच्यात चालकासकट सगळी माणसं येतात. समजा रिकामी गाडी ९०० किलोची आहे आणि कमाल वजन १,३३५. उरले ४३५. चार माणसांचे २६० काढले की राहिले १७५. गव्हाचे ५० किलोचे तीन कट्टे ठेवल्यावर जेमतेम २५ किलो शिल्लक, त्यात पाण्याचा जार, डबे आणि मामाने आग्रहाने दिलेली कांद्याची गोणी. गोणीलाच जागा नाही! सीएनजी किट बाहेरून बसवून घेतलं असेल तर टाकीचं वजनही यातूनच जातं. अशा वेळी दोन माणसांनी एसटीने यावं, नाहीतर दोन खेपा कराव्यात. स्प्रिंगा दबल्या तरी गाडी चालते, पण ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि खड्ड्यात टायर मार खातो.

चाकातल्या हवेचा तक्ता चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. त्यात बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी एक. मागच्या चाकांत सहसा जास्त हवा सांगितलेली असते. टायर गार असताना भरा. घोटीपर्यंत गाडी पळवून मग हवा तपासली तर आकडा चढाच दिसतो आणि माणूस उगाच हवा काढून टाकतो.

आता डिकी. जड वस्तू तळाला, मागच्या सीटच्या पाठीला भिडवून, गाडीच्या मध्यावर. 'भिडवून' हा शब्द शब्दशः घ्या, मध्ये चार बोटांचीही फट नको. डिकीच्या दाराशी जड कट्टा ठेवला की मागचं चाक हे टेकू बनतं, पुढचं टोक हलकं होतं, स्टीअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टीअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं लहान चाक असेल तर ते हेडलाइटच्या उंचीचं. भार जास्त असेल तसा आकडा वाढवा, झोत खाली येतो.

मागच्या सीटवर कोणी बसणार नसेल तर सीट उभीच ठेवा आणि तिचे दोन्ही बाजूंचे बेल्ट रिकामेच लावून टाका. त्याने सीटच्या पाठीला आधार मिळतो. सीट पाडली असेल तर सामान आणि पुढची माणसं यांच्यात काहीच अडसर राहत नाही, तेव्हा जड सामान थेट पुढच्या सीटच्या पाठीला लावा. सीट पुन्हा उभी करताना खटका पूर्ण बसला का, हे पाठ हिसका देऊन ओढून बघा. बेल्टचा पट्टा खटक्यात अडकून तो अर्धवट बसणं फार वेळा घडतं.

डिकीतले हुक नीट ओळखा. वर बाजूला असतो तो प्लास्टिकचा हुक भाजीच्या पिशवीसाठी, तीन-चार किलोसाठी. तळाशी धातूच्या कड्या असतील तर त्या बांधण्यासाठी. कड्याच नसतील (छोट्या गाड्यांत बहुतेक नसतातच) तर अडवण्यावरच भर द्या. रिकाम्या जागेत उशा, गुंडाळलेली सतरंजी, कपड्यांच्या पिशव्या ठासून भरा. क्रेट असतील तर एकात एक बसणाऱ्या कडा जुळवून ठेवा, आणि सीटच्या पाठीपेक्षा वर रचू नका.

घसरण थांबवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खाली रबरी चटई. हिशेब असा. जोरदार ब्रेक मारल्यावर सामान त्याच्या वजनाच्या सुमारे ०.८ पट जोराने पुढे जायला बघतं. ४० किलोचं खोकं म्हणजे ३२ किलोचा रेटा. डिकीच्या गुळगुळीत तळावर खोक्याचं स्वतःचं घर्षण जेमतेम १२ किलो अडवतं. उरलेला रेटा केवळ वरून पट्टा आवळून थांबवायचा तर पट्ट्याने खोक्यावर आणखी ६५ किलोच्या आसपास दाब द्यावा लागेल. हूकवाल्या रबरी दोरीला ते जमत नाही. खाली खरखरीत रबरी चटई घातली की घर्षण साधारण दुप्पट होतं आणि लागणारा दाब १५ किलोच्याही खाली येतो. जुनी योगा मॅट चालते, पण ती कोरडी आणि धूळ झटकलेली हवी. कांद्याची टरफलं आणि माती साचली की चटई असून नसल्यासारखी.

मागच्या काचेखालचा ट्रे म्हणजे फडताळ नव्हे. तिथली छत्री, स्टीलचा डबा, चिवड्याचं पाकीट सगळं पहिल्या मोठ्या ब्रेकला पुढे येतं. ताशी ५० किलोमीटरला धडक झाली तर सुट्या वस्तूचा मार तिच्या वजनाच्या ३० पटींहून जास्त भरू शकतो, म्हणजे दीड किलोच्या डब्याचा मार ४५ किलोंचा. आणि पाण्याची बाटली चालकाच्या पायाशी कधीच नको. ती ब्रेकच्या पेडलखाली गेली की ब्रेक दाबताच येत नाही.

मूर्ती मांडीवर घेऊन बसायची पद्धत सोडा. दहा किलोची शाडूची मूर्ती साध्या ब्रेकलाही हात खाली ओढते, धडकेत ती कोणालाच धरता येत नाही. सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुढच्या रिकाम्या सीटच्या मागची पायाची जागा. मूर्ती खोक्यात, चारी बाजूंनी कागदाचे बोळे, आणि पुढची सीट हळूहळू मागे सरकवत खोक्याला टेकेपर्यंत आणा. मूर्ती पायाशी ठेवायला मन धजत नसेल तर मागच्या सीटवर खोकं ठेवून त्याच्या खालच्या भागावरून सीटबेल्ट न्या आणि पुढची सीट मागे घ्या. बेल्ट मूर्तीच्या हाताला किंवा सोंडेला टेकू देऊ नका. भांडी बाजारातून समई घेतली असेल तर ती आटे फिरवून सुटी करा. पितळी बैठक तळाला, दांडा आडवा.

द्राक्षांच्या पेट्यांचं दुखणं वेगळं, तिथे पडण्यापेक्षा चेंगरण्याची भीती जास्त. उघड्या पेट्या एकावर एक ठेवताना वरच्या पेटीचा तळ घडांवर नाही तर खालच्या पेटीच्या कडांवर टेकला पाहिजे. उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते, म्हणून द्राक्षं शेवटी भरा आणि थांबणार असाल तर सावलीत थांबा. घरगुती गॅसचा सिलिंडर न्यायचाच झाला तर उभा, टोपी बसवून, अडवून आणि काचा खाली करून. पोचल्यावर गाडीत ठेवू नका.

टपाचं गणित आणखी कडक. बऱ्याच लहान गाड्यांना ५० किलोच्या आसपास, मोठ्यांना ७५ च्या आसपास मर्यादा असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघा. त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं, १२ किलोचं कॅरिअर म्हणजे ५० मधले ३८ उरले. काही गाड्यांच्या टपावरच्या दांड्या निव्वळ शोभेच्या असतात, त्यांना पट्टा बांधला तर त्या मुळासकट निघतात. शंका असेल तर मॅन्युअलमध्ये दांड्यांवर भार द्यायला परवानगी आहे का ते शोधा. नसेल तर टपावर काही ठेवू नका. टपावर फक्त हलकं आणि मोठं सामान, जड ते खाली.

पट्टा पॉलिस्टरचा घ्या. नायलॉनची दोरी ताणते आणि ओली झाली की आणखी ढिली पडते. इगतपुरीच्या पावसात सकाळची घट्ट गाठ कसाऱ्यापर्यंत लोंबते. लेबलवर तुटण्याचा भार ठळक छापलेला असतो, पण कामाचा भार त्याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा असतो, तो आकडा बघा. घरच्या गाडीला २५ मिलिमीटर रुंदीचा, हाताने ओढून चिमट्यात अडकणारा पट्टा बरा. रॅचेटने (दांडी मागेपुढे करून पट्टा रिळावर आवळणारा खटका) जोर इतका येतो की कॅरिअरचा दांडा वाकतो. रॅचेटच वापरत असाल तर पट्ट्याचं टोक रिळाच्या फटीतून ओढून आधी ढिलाई काढा, मग दांडी चालवा. रिळावर किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे पडले पाहिजेत. दीडपेक्षा कमी असेल तर पट्टा घसरतो, तीनपेक्षा जास्त झाला तर रीळ अडकतं. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने घरघर होत नाही. खोक्याच्या धारेवरून पट्टा जात असेल तिथे जुन्या बागेच्या पाइपचा तुकडा चिरून बसवा.

आडवे दोन पट्टे सामान दाबून धरतात, पण पुढेमागे जाणं अडवत नाहीत. त्यासाठी पुढून एक आणि मागून एक तिरकी दोरी लागते, ती गाडीच्या टोइंगच्या हुकाला बांधा. बंपरच्या प्लास्टिकला किंवा वायपरला नव्हे. दारांच्या चौकटीतून दोरी नेली तर मागची दारं उघडत नाहीत आणि पाऊस दोरीवरून आत झिरपतो. ताडपत्री सामान बांधण्याआधीच त्याच्याभोवती गुंडाळा. वरून नुसती पांघरली तर ती वाऱ्याने फाटते आणि तिचे तुकडे मागच्याच्या काचेवर जातात.

गादी आणि प्लायवूडबद्दल ठाम मत: टपावरून नको. ८ बाय ४ फुटांचं प्लाय म्हणजे जवळपास तीन चौरस मीटर. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा मारा त्याच्या सपाट अंगावर पूर्ण बसला तर ९० किलोच्या घरात जातो, ४० ला तोच २२ किलो. वेग दुप्पट तर मार चौपट, त्यामुळे 'हळू चालवतो' म्हणणाऱ्याची दोरी उड्डाणपुलावर वेग वाढला की तुटते. यासाठी छोटा हत्ती बोलवा, दोन तासांचं भाडं काचेच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं. डिकीचं दार अर्धवट उघडं ठेवून लांब पाइप नेणंही टाळा. धूर आत येतो, नंबरप्लेट झाकली जाते. बाहेर डोकावणाऱ्या सामानासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४(१अ) आलं आहे: २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा. मुंबईकडे जाताना विल्होळीच्या आसपास जागा मिळते. पट्टे हाताने दाबून बघा, पहिल्या खड्ड्यांत सामान बसतं आणि पट्टे सैल होतात. घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला पुन्हा एकदा. कसारा उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा, भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबून तापवू नका. टपावर सामान असेल तर ८० च्या वर जायचं काम नाही, समृद्धी महामार्गावरही. पार्किंगच्या कमानीखाली जाण्याआधी उतरून उंची बघा.

पोचल्यावर डिकीचं दार एका हाताने धरून हळूच उघडा, वाटेत सामान दाराला टेकलेलं असू शकतं. रॅचेट सोडताना तोंड बाजूला ठेवा. सामान उतरलं की हेडलाइटचा आकडा ० वर आणा, आणि दुसऱ्या दिवशी टायर गार असताना जादा भरलेली हवा काढून टाका.