गहू कुठला पेरायचा हे ठरवताना तांबेऱ्याचाही विचार करा

मंडळी, नोव्हेंबर लागला की सगळीकडे एकच प्रश्न, यंदा गहू कुठला. उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं, शेजाऱ्याला गेल्या वर्षी ज्याचा उतारा चांगला पडला तोच. एकट्याने केलं तर ठीक, पण अख्ख्या शिवारात तोच एक वाण झाला की तांबेरा रोगाचं फावतं. ते कसं हे जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की पेरणीपासून फवारणीपर्यंत बरंच काही वेगळं करावंसं वाटेल.

तांबेरा ही बुरशी फक्त जिवंत झाडावर जगते. आपल्या उन्हाळ्यात शेतात गहूच नसतो, त्यामुळे धसकटात, मातीत ती टिकत नाही आणि बियाण्यातूनही येत नाही, म्हणजे खोल नांगरट केली, थायरम चोळलं, आता तांबेरा येणार नाही असं कोणी सांगितलं तर सोडून द्या (बीजप्रक्रिया करा, ती दुसऱ्या रोगांसाठी लागतेच). मग दरवर्षी येतो कुठून? आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहतांनी हे फार पूर्वीच शोधून ठेवलंय. तमिळनाडूतल्या निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरात बुरशीला उन्हाळ्यातही हिरवा गहू मिळतो, तिथून बीजाणू (बुरशीचं बारीक बी) वाऱ्यावर निघतात आणि नोव्हेंबरात चक्रीवादळाचा पाऊस झाला की त्या पावसाबरोबर मध्य भारतात शेतात उतरतात, हे पावसाचं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं.

आता वाण 'प्रतिकारक' म्हणजे नेमकं काय? बुरशी आत शिरताना काही प्रथिनं सोडते, त्यातलं एखादं गव्हाचा एखादा जनुक ओळखतो, आणि ओळख पटली की झाड त्या जागच्या स्वतःच्याच पेशी मारून टाकतं. जिवंत पेशी नाही म्हणजे बुरशीला खायला नाही. पानावर बारीक पांढरट-पिवळे ठिपके दिसतात पण बोट फिरवलं तर पावडर लागत नाही, ते हेच. हे ठिपके बघून घाबरून फवारणी करणारे बरेच आहेत, करू नका, वाण आपलं काम करतोय.

पण तांबेऱ्याच्या एकेका फोडातून हजारो बीजाणू निघतात आणि दहा-बारा दिवसात पुढची पिढी तयार, त्यात एखाद्याचं ते प्रथिन बदललेलं असतंच. चोर मिशी काढून आला की राखणदार ओळखत नाही, तसं होतं. शिवारभर एकच वाण म्हणजे सगळीकडे तोच राखणदार, एकाला चुकवलं की सगळ्यांना चुकवलं. हा जनुकाला जनुकाचा हिशेब पहिल्यांदा जवसाच्या तांबेऱ्यावर लागला, १९४० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ डकोटात हॅरोल्ड फ्लोर यांनी लावला. रानटी गव्हाच्या रानात शेजारी शेजारी वेगवेगळ्या जनुकांची झाडं असतात म्हणून तिथे ही झटापट चालूच राहते, कोणी पूर्ण जिंकत नाही. आपण एकसारखं पीक लावून ती एकतर्फी करतो.

कल्याणसोनाचं हेच झालं, १९६७ ला आला, उत्तर भारतभर पसरला, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच तांबेऱ्याने त्याला धरलं. युगांडात १९९८ मध्ये काळ्या (खोडावर येणाऱ्या) तांबेऱ्याचा जो प्रकार मिळाला (नाव पडलं यूजी ९९) त्याने राय धान्यातून आणलेला एसआर ३१ हा जनुक निकामी केला, जगभरच्या कितीतरी वाणांची भिस्त त्या एकावर होती, आणि पुढे हा प्रकार इराणपर्यंत पोचला. इथिओपियाने यूजी ९९ ला टिकणारा दिगालू वाण लावला, तर २०१३ मध्ये तांबेऱ्याच्या दुसऱ्याच प्रकाराने तोही झोपवला.

आणि आपली खपली! अमेरिकेत स्टॅकमन यांनी १९२२ च्या सुमारास काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला १२ गहू ठरवले, त्यात एक खपली होती, नाव पण खपलीच. तिच्यातला एसआर १३ जनुक आजही बन्सी गव्हाच्या पैदाशीत वापरतात. तरी त्यालाही चुकवणारे प्रकार निघालेत, तेव्हा खपलीला काही होत नाही या भरवशावर बिनधास्त राहू नका.

तर यंदा काय करायचं. तीन-चार एकर गहू असेल तर दोन वाण घ्या, आणि शेजाऱ्याशी बोलून घ्या की तो काय पेरतोय. वेळेवर बागायतीला तपोवन, एमएसीएस ६२२२, कमी पाण्याला नेत्रावती, उशीर झाला तर निफाड ३४ किंवा समाधान. एक मेख आहे, नावं दोन असली तरी आत जनुक एकच असू शकतो, म्हणून कृषी विज्ञान केंद्रात किंवा निफाडच्या गहू संशोधन केंद्रात सरळ विचारा. तांबेरा हळूहळू वाढू देणारे वाण मिळाले तर माझं मत त्यांनाच, थोडे फोड दिसतात पण थोडा थोडा परिणाम करणारे अनेक जनुक मिळून काम करत असल्याने एका झटक्यात कोसळत नाहीत. लोक-१ चपातीला आवडतो हे मान्य, पण तांबेऱ्याला बळी पडतो, घरापुरताच ठेवा.

पेरणी १५ नोव्हेंबरच्या आत उरका, उशिरा पेरलं की दाणा भरताना ऊन वाढतं आणि काळा तांबेरा नेमका तेव्हाच जोर धरतो. युरिया जास्त टाकू नका.

डिसेंबर अखेरपासून आठवड्यातून एकदा तरी शेतात आत शिरून बघा, बांधावरून नाही. पानावर विखुरलेले गोल नारिंगी-तपकिरी फोड म्हणजे नारिंगी तांबेरा, खोडावर लांबट विटकरी फोड आणि साल फाटलेली म्हणजे काळा. पावडर बोटाला लागली तरच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, लिटर पाण्याला १ मिली, गरज वाटली तर १५ दिवसांनी परत. काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही ते लेबलवर बघा.

आणि गेल्या वर्षीपर्यंत स्वच्छ राहणाऱ्या वाणावर फोड दिसले तर नुसतं फवारून मोकळे होऊ नका, नवा प्रकार असू शकतो. आठ-दहा पानं सावलीत सुकवा, कागदी पाकिटात घाला, वर वाण, पेरणीची तारीख, गाव लिहा आणि कृषी विज्ञान केंद्रात द्या, तांबेऱ्याचे प्रकार ओळखायचं काम शिमल्याला फ्लॉवरडेलच्या केंद्रात होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ नका, पानं घामेजून कुजतात आणि नमुना वाया जातो.