शंकेखोर श्रोत्याला रॅप ऐकवताना

देवल क्लबच्या मैफली न चुकवणारे, नाट्यपदे तोंडपाठ असणारे आणि 'हे गाणे कसले, ही नुसती बडबड' असा निकाल आधीच देऊन बसलेले एखादे काका कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत सापडतात. त्यांना रॅप, म्हणजे ठेक्यावर लयीत बोललेले यमकबद्ध शब्द, ऐकवायचे असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे वाद घालू नये. अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारच्या 'डॅम' या अल्बमला २०१८ साली संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि शास्त्रीय व जॅझ या प्रकारांबाहेरच्या संगीताला ते प्रथमच मिळाले, ही माहिती खरी आहे. पण पारितोषिक ऐकून कोणाचा कान बदलल्याचे ऐकिवात नाही. मत बदलण्याचा आग्रह धरण्यापेक्षा अशा श्रोत्याला ऐकताना काहीतरी काम द्यावे, आणि ते त्याला आधीपासून येणारे असावे. मात्रा मोजणे हे असे काम आहे.

त्याआधी आवाजाची व्यवस्था पाहावी. रॅपबद्दलच्या रागातला बराच भाग प्रत्यक्षात डॉल्बीबद्दलचा असतो. विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर छातीत धडधड भरवणाऱ्या आवाजाशी हे संगीत मनात कायमचे जोडले गेलेले असते. म्हणून दुपारच्या शांत वेळी, खोलीत सहज बोलता येईल इतक्याच आवाजात, बऱ्यापैकी स्पीकरवर ऐकवावे. मोबाईलच्या स्पीकरवर मात्र मुळीच ऐकवू नये, कारण त्यात खालचे ठोके गळून पडतात आणि उरते ती खरोखरच बडबड.

सुरुवात शब्दांविना करावी. गाण्याचा फक्त ठेका काही वेळ ऐकवून काकांना हातावर मात्रा धरायला सांगावे. एका आवर्तनात, म्हणजे ठेक्याच्या एका फेरीत, चार ठोके असतात. त्यांचे प्रत्येकी दोन भाग केले की केरवा तालाच्या आठ मात्रा हातात येतात. पहिला ठोका जड आणि खालचा, तर दुसऱ्या व चौथ्या ठोक्याला कोरडा, टणक आघात, ही याची सर्वसाधारण घडण. इथे 'तेच तेच वाजते आहे' ही तक्रार हमखास येते. तिला उत्तर देताना लेहऱ्याची आठवण द्यावी. एकल तबलावादनात पेटीवर एकच नगमा, म्हणजे हाच लेहरा, फिरत राहतो, तो तबलजीचे काम उठून दिसावे म्हणून. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाचा अभिमान बाळगणाऱ्या गावाला हे वेगळे सांगावे लागत नाही. रॅपमधला फिरता ठेका हेच काम करतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, मूळचा जमैकाचा असलेला डीजे कूल हर्क याने बहिणीने ठेवलेल्या समारंभात तबकड्या वाजवल्या आणि रॅप ज्यात मोडते त्या हिप-हॉपचा जन्म तिथला मानला जातो. नाचणाऱ्यांना गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा सर्वांत जास्त आवडतो हे हेरून तो एकाच तबकडीच्या दोन प्रती आळीपाळीने वापरून तेवढा तुकडा लांबवीत असे. त्या लांबवलेल्या तुकड्यावर पुढे बोलणे आले.

आता मुख्य अडचण. ख्याल ऐकून तयार झालेला कान समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याची, वाट पाहतो. मुखडा घेऊन गायक समेवर आला की मान आपोआप हलते. रॅपमध्ये ओळीचे यमक बहुधा चौथ्या ठोक्यावर, म्हणजे सम येण्याच्या एक ठोका आधी पडते. समेवर कान लावून बसलेल्या माणसाला तिथे काहीच सापडत नाही आणि सगळे गद्य धावत सुटल्यासारखे वाटते. काकांना एवढेच सांगावे की चौथ्या ठोक्यावर लक्ष ठेवा. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत उपयोगाची सूचना आहे, कारण तिच्यामुळे बडबडीत अचानक ओळी दिसू लागतात. साधारणपणे एक कडवे सोळा आवर्तनांचे असते. मिनिटाला नव्वद ठोक्यांची लय धरली तर ते पाऊण मिनिटाच्या आतच संपते, त्यामुळे एकच कडवे तीन-चारदा ऐकवायला संकोच करू नये.

चौथा ठोका पक्का झाला की रकीम हा रॅपर ऐकवावा. एरिक बी. आणि रकीम यांच्या १९८७ सालच्या 'पेड इन फुल' या अल्बममध्ये यमके ओळीच्या शेवटी थांबत नाहीत. ती ओळीच्या पोटात शिरतात आणि वाक्य आवर्तनाची सीमा ओलांडून पुढे जाते. रकीम तरुणपणी सॅक्सोफोन वाजवीत असे आणि जॅझमधील सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचा संस्कार तो स्वतः मान्य करतो. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीची परंपरा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वाकड्या वाटेने लय गाठण्याची चव समजावून द्यावी लागत नाही.

यानंतर शब्द. इंग्रजीचा वेग पकडता येत नसेल तर गाण्याचे बोल मोठ्या अक्षरात छापून हातात द्यावेत आणि आधी वाचू द्यावेत. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे १९८२ चे 'द मेसेज' यासाठी उत्तम, कारण त्यात पडझड झालेल्या वस्तीतले जगणे सरळ सांगितले आहे आणि लयही सावकाश आहे. सुराची भूक फारच असेल तर लॉरिन हिल ऐकवावी. ती गातेही आणि रॅपही करते, आणि तिच्या १९९८ च्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमीमध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. मात्र रॅपमध्ये सूर शोधत बसू नये, ही कबुली आपण आधीच देऊन टाकावी.

आक्षेपांची तयारी ठेवावी. दुसऱ्यांच्या चाली उचलतात, असे काका म्हणतील. तेव्हा संगीत नाटकांतली कितीतरी पदे मूळ बंदिशींवर बांधली आहेत हे नम्रपणे आठवून द्यावे, आणि १९९१ च्या अमेरिकी न्यायालयीन निकालानंतर तिथे मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरताना परवानगी घेण्याची रीत पक्की झाली हेही सांगावे. स्वतःचीच टिमकी वाजवतात, या तक्रारीला खासबागेच्या आखाड्यातला शड्डू पुरेसा आहे: कुस्तीआधी तो कोणी गर्विष्ठपणा म्हणून मोजत नाही. शिव्या आणि स्त्रियांविषयीचे हीन बोलणे हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावू नये. त्याविरुद्ध रॅपमधूनच आवाज उठला, एवढे दाखवण्यासाठी क्वीन लतीफा या महिला रॅपरचे १९९३ चे 'युनिटी' ऐकवता येईल.

'रॅप म्हणजे आमचा पोवाडाच' हे वाक्य टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शाहीर पिराजीराव सरनाईकांचे गाव आहे हे. इथला जाणकार लगेच म्हणेल की पोवाड्यात शाहीर वीराची कथा सांगतो, तर रॅपर बहुधा स्वतःच्या तोंडून स्वतःच्या गल्लीविषयी बोलतो, आणि ते बरोबरच आहे. नाते सांगायचेच झाले तर कलगी-तुऱ्याचे सांगावे. शक्तीचा मोठेपणा सांगणारा कलगीवाला आणि शिवाचा मोठेपणा सांगणारा तुरेवाला फडात समोरासमोर कूट सवाल टाकीत. दोन रॅपरांच्या जुगलबंदीतही प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करणे हाच डाव असतो आणि निवाडा समोरचे श्रोते करतात.

मराठी रॅप मी मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवतो. भाषा कळत असल्यामुळे काका व्याकरण आणि उच्चार तपासू लागतात, आणि चौथा ठोका बाजूला राहतो. तो हातात बसल्यावर मुंबईच्या 'स्वदेसी' गटातील एमसी मवालीचे मराठी रॅप किंवा पुण्याच्या संबाता या रॅपरचे एखादे गाणे, आधी स्वतः ऐकून आणि घरात चालेल अशी भाषा आहे याची खात्री करून, लावावे. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त गाणी नकोत, आणि काकांनी स्वतःहून एखादे कडवे पुन्हा लावायला सांगितले, तर ठरवलेला क्रम सोडून तेच लावावे.