फाइलची साइज जागोजागी वेगळी का दिसते आणि खरी कशी बघायची

नवी १ टीबीची हार्ड डिस्क विंडोजला जोडली की ९३१ जीबी दिसते. उरलेली ६९ जीबी कुणी खाल्लेली नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज तेवढ्याच बाइटना १०२४ ने तीनदा भागतं आणि उत्तरापुढे तरीही ‘जीबी’च लिहितं. १०२४ च्या हिशेबासाठी ‘जिबिबाइट’ हे वेगळं एकक १९९८ मध्येच ठरलंय. विंडोजने ते वापरलं असतं तर निम्मा गोंधळ मिटला असता. मॅक २००९ च्या स्नो लेपर्डपासून १००० ने भागतो, म्हणून तीच डिस्क तिथे १ टीबी दिसते.

पाकिटावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणा: ६४ चे ५९.६, ५१२ चे ४७६.७. विंडोजमध्ये यापेक्षा बरंच कमी दिसलं, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला भाग) किंवा ‘अनअलोकेटेड’ (अजून वापरात न घेतलेली) जागा आहे का ते बघा.

दोन ठिकाणच्या फाइली ताडून बघताना केबी-एमबी सोडा, बाइट बघा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘साइज’पुढे कंसात पूर्ण आकडा असतो. मॅकवर फाइल निवडून कमांड आणि आय दाबा. फोल्डरच्या यादीतल्या केबीवर विसंबू नका. विंडोज तिथे वरच्या पूर्ण केबीला नेतं, १ बाइटची फाइलही १ केबी दिसते. बाइट जुळले म्हणजे लांबी जुळली. आतला मजकूरही तोच आहे का, याची खात्री दोन्हींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ठशासारखी अक्षरओळ, काढून होते.

प्रॉपर्टीजमध्येच खाली ‘साइज ऑन डिस्क’ असते. फाइलला जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत, म्हणजे क्लस्टरमध्ये मिळते, आणि शेवटचा क्लस्टर अर्धा रिकामा राहिला तरी पूर्ण मोजला जातो. एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत) हे माप सहसा ४ केबी असतं. पण ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला, की आपोआप १२८ केबी होतं. त्यावर २ केबीच्या १०,००० फाइली टाकल्या तर मजकूर जेमतेम २० एमबी आणि जागा मात्र सव्वा जीबीच्या आसपास जाते! अशा फाइली आधी झिप करून एकच फाइल टाका. फॉरमॅट करताना ‘अलोकेशन युनिट साइज’ (क्लस्टरचं माप) कमी निवडता येते, पण फॉरमॅटने पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

‘साइज ऑन डिस्क’ शून्य दिसली तरी घाबरू नका. काहीशे बाइटच्या फाइली एनटीएफएस आपल्या नोंदवहीतच ठेवतं. मोठी फाइल शून्य दिसत असेल आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची क्लाउड साठवण) चालू असेल, तर ती बहुधा फक्त क्लाउडवर आहे. नेट नसलेल्या ठिकाणी जाण्याआधी ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडून ती उतरवून घ्या.

ईमेलला जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते, कारण दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात. पूर्ण मेलची मर्यादा २५ एमबी असेल तर १८ एमबीच्या आतलीच फाइल जोडा. ऑनलाइन फॉर्मवर फोटोला ‘२०० केबीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, तिथे २,००,००० बाइटच्या खाली राहा. मग ते १००० धरोत की १०२४, फोटो चढतो.