कूपर ब्लॅक मुळातच जाड आहे! या चुका टाळा

कूपर ब्लॅक या इंग्रजी फॉन्टमध्ये केलेलं मजकुराचं काम हातात आलं की मी आधी वरचं 'बी'चं, म्हणजे अक्षर बोल्ड (जाड) करण्याचं बटण बघतो. बहुतेक वेळा ते दाबलेलंच असतं.

शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरने १९२२ मध्ये हा टाइप आणला तो असाच जाडजूड, टोकं गोलावलेला. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत मिळतो तो या एकाच वजनात, म्हणजे एकाच जाडीत. तुम्ही 'बी' दाबता तेव्हा सॉफ्टवेअरकडे द्यायला दुसरा फॉन्ट नसतो, म्हणून ते आहे त्याच अक्षराला बाहेरून फुगवतं. इंग्रजी स्मॉल ए आणि ई यांची पोटं, म्हणजे आतल्या पोकळ्या, आधीच चिमुकली, ती बुजून जातात. तिरपं करण्याचं बटणही तसंच: अक्षर नुसतं ढकललेलं दिसतं. कूपरने खरा इटॅलिक (तिरपा टाइप) वेगळा काढला होता, तो हवा असेल तर वेगळा मिळवावा लागतो.

बटण न दाबताही अक्षर फुगलेलं दिसलं तर? वर्डच्या टेबलचं डिझाइन तपासा. बरीच डिझाइन पहिली ओळ आपोआप बोल्ड करतात. वेबपेजवर तर ब्राउझर मथळा मुळातच बोल्ड धरतो, तिथे पेजच्या कोडमध्ये मथळ्याचं फॉन्ट-वेट (जाडी) 'नॉर्मल' करा. हा दोष शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

सगळी अक्षरं कॅपिटल करू नका. या टाइपची गंमत स्मॉल अक्षरांच्या गोलाईत आहे. इझीजेटच्या विमानांवरचं नाव बघा, सगळं स्मॉल. कॅपिटलमध्ये तेच नाव विटांच्या भिंतीसारखं बसेल.

परिच्छेदासाठी तर हा टाइप नकोच. बारा पॉइंटात चार ओळी लावल्या तरी पानावर डाग पडल्यासारखा दिसतो. त्यात कागद शाई पिणारा असेल तर शाई पसरून पोटं भरतात. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं काढली तर मात्र उलट होतं: शाई बाहेरून अक्षर खाते, पोटं मोकळी राहतात आणि इतकं जाड अक्षर तेवढं सहज सोसतं.

आता मराठी. कूपर ब्लॅकमध्ये देवनागरी नाही. तो निवडून 'शुभविवाह' टाइप केलं की विंडोज गुपचूप निर्मला किंवा मंगल हा स्वतःचा देवनागरी फॉन्ट लावतं, आणि इंग्रजी नावं पैलवान, मराठी नावं उपाशी अशी पत्रिका तयार होते. मी अशा वेळी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू हा फॉन्ट घेतो. त्याला सेरिफ (अक्षरांच्या टोकांच्या छोट्या रेघा) नाहीत, पण गोलाई आणि वजन जुळतं. दोन्हींना एकच पॉइंट साइझ देऊन थांबू नका, डोळ्याने जुळवा. ओळींत अंतरही जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

छपाईला देताना मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, किंवा पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलच्या आतच घाला. कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल वेगळी ठेवा. पत्रिकेतला मुहूर्त शेवटच्या दिवशी बदलतोच.