फ्लेक्सपासून थंबनेलपर्यंत एकच ओळख : गायक-वादकांनी या चुका टाळाव्यात

आपल्याकडच्या गायक-वादकांची बहुतेक जाहिरात ते स्वतः करतच नाहीत. दिवाळी पहाटेचा फ्लेक्स मंडळ छापते, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची पत्रिका संस्थेचे कार्यवाह ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतात, यूट्यूबवरच्या चित्रफितीचे थंबनेल, म्हणजे यादीत दिसणारे छोटे चित्र, ध्वनिमुद्रण करणारा मुलगा लावतो, आणि या तिघांची एकमेकांशी कधी गाठही पडत नाही. त्यामुळे एकाच महिन्यात एकाच गायिकेची तीन वेगवेगळी रूपे गावभर लागतात आणि रसिकाला ती एकच व्यक्ती असल्याचे पटकन उमगत नाही. कलाकारांच्या जाहिरातींची मांडणी करताना माझे असे मत झाले आहे की, आयोजकाने ‘फोटो आणि माहिती पाठवा’ असे म्हटल्यावर आपण नेमके काय पाठवतो, यावरच दृश्य ओळख टिकते किंवा बिघडते.

पहिली चूक तिथेच होते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की तो आकुंचित होऊन त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. दहा फुटी फ्लेक्सवर, म्हणजे १२० इंचांवर, तो ताणला तर इंचाला जेमतेम १३ पिक्सेल येतात. लांबून पाहण्याच्या फलकाला ७० ते १०० पुरतात, पण १३ मध्ये चेहरा विरघळतो. मग छापणारा इंटरनेटवर शोधून दुसराच, बहुधा दहा वर्षांपूर्वीचा, फोटो लावतो आणि दोष त्याच्या माथी जातो. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, किंवा गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करून त्याचाच दुवा प्रत्येकाला द्यावा. त्या फोल्डरमध्ये एकाच बैठकीत, एकाच प्रकाशात काढलेले तीनच फोटो असावेत : एक उभा, एक आडवा, आणि एक चौकोनी, ज्यात चेहऱ्याभोवती पुरेशी मोकळी जागा आहे, कारण प्रोफाइलचे चित्र बहुतेक ठिकाणी गोलात कापले जाते. वीस फोटो पाठवले, तर प्रत्येक आयोजक वेगळा निवडणार हे ठरलेलेच आहे.

फोटो उलटवू देऊ नये, हे लेखी कळवावे. मजकूर डावीकडे हवा म्हणून मांडणी करणारा सहज चित्र आरशासारखे फिरवतो. त्यासरशी तबलजीचा दायाँ डाव्या हाताखाली येतो, हार्मोनिअमचा भाता उजव्या हाताने हलू लागतो आणि गायिकेचा पदर उजव्या खांद्यावर जातो. ज्या श्रोत्यांसाठी आपण गातो, त्यांच्या हे पहिल्याच नजरेत लक्षात येते.

नावाबद्दलची हयगय त्याहून महाग पडते. एका पत्रिकेवर ‘पं.’, दुसरीवर नुसते नाव, तिसरीवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. रोमन लिपीत तर एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी नाव वेगळ्या अक्षरांत गेले, तर कलाकाराची दोन पाने तयार होऊ शकतात आणि गाणी त्यांत विभागली जातात. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींतले नाव एकदा ठरवून, ते चित्ररूपात पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत आणि अक्षरे कर्व्ह केलेल्या, म्हणजे फॉन्ट नसतानाही बिघडणार नाहीत अशा रेषाकृतींत बदललेल्या, पीडीएफमध्ये फोल्डरात ठेवावे, म्हणजे कोणालाही ते पुन्हा टाइप करावे लागणार नाही.

पुन्हा टाइप करण्यातच मराठीची सर्वाधिक पडझड होते, म्हणून याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. अनेक डीटीपी केंद्रांत अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने, युनिकोड (सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना सारखीच कळणारी अक्षरपद्धती) नसलेले फॉन्ट वापरले जातात. आपण मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे तसाच चिकटवता येत नाही, त्यामुळे तो नव्याने टाइप होतो आणि रागाच्या नावापासून साथीदारांच्या आडनावांपर्यंत चुका शिरतात. जिथे फोटोशॉप आहे, तिथे निराळी अडचण येते : भारतीय लिप्यांसाठीची ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ ही सोय निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. असे झालेले दिसले, तर अक्षरे हाताने सरकवत बसण्याऐवजी ती सोय आधी बदलावी. रोमन नाव ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवतात, तीच मापे देवनागरीला लावली की शिरोरेषेचे तुकडे होतात. मराठी नावाचे अंतर शून्यच ठेवावे. फॉन्ट निवडताना मुक्त परवान्याचा, युनिकोड फॉन्ट घ्यावा, म्हणजे त्याची फाइलही आयोजकाला देता येते. ‘मुक्ता’ अंगाने साधा आणि सुवाच्य आहे. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टात ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची मिळतात, आणि अभंग किंवा नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला ते वळण शोभते.

रंगांत मोह आवरणे एवढेच पुरेसे आहे. पडद्यावरचा झगझगीत जांभळा किंवा पोपटी छपाईच्या चार शाईंत उतरत नाही, तो मळतो. दोन रंग ठरवावेत, प्रत्येकाचा पडद्यासाठीचा कोड आणि छपाईसाठीची टक्केवारी लिहून ठेवावी, आणि फोल्डरातल्या एका पानावर ते रंग दाखवावेत. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची, रीड माइल्स या रचनाकाराने सजवलेली वेष्टने आजही लांबून ओळखू येतात. फ्रान्सिस वोल्फची कृष्णधवल छायाचित्रे, ठसठशीत अक्षरे आणि अनेकदा त्यावर एखादाच रंग, इतक्याच सामग्रीवर १९५० आणि १९६० च्या दशकांत त्यांनी ती ओळख उभी केली. आपल्याकडे मात्र प्रत्येक सणाला पार्श्वभूमी बदलण्याची घाई असते.

आकारांचे भान नसले, की चांगली रचनाही फसते. यूट्यूबचे थंबनेल साधारणपणे १२८० × ७२० पिक्सेलचे असते आणि त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर चित्रफितीची वेळ दिसते, त्यामुळे तिथे लिहिलेले रागाचे नाव झाकले जाते. अल्बमचे मुखपृष्ठ ३००० × ३००० चे पाठवले, तरी श्रोता ते फोनच्या यादीत अंगठ्याच्या नखाएवढे पाहतो. म्हणून ते तेवढे करून पाहिल्याशिवाय पक्के करू नये.

प्रायोजकांच्या बोधचिन्हांची जागा हा नाजूक विषय आहे. ती आपल्या नावाशेजारी न येता तळाच्या एका पट्टीत यावीत, अशी विनंती कार्यक्रम ठरतानाच करावी, कारण छपाईच्या आदल्या रात्री ती केली, तर आयोजक अडचणीत येतो. छपाईपूर्वीचे प्रूफ पाठवण्याची विनंतीही कार्यक्रम ठरतानाच करावी आणि ते आले की आपल्याबरोबर दुसऱ्या कोणालातरी वाचायला द्यावे. स्वतःच्या नावातली चूक स्वतःच्या डोळ्यांना हटकून निसटते.

एवढे करूनही जुना फोटोच फिरत राहिला, तर आपले नाव गूगलच्या चित्रांत शोधावे. तो बहुधा आपल्याच विसरलेल्या फेसबुक पानावर किंवा जुन्या चॅनेलवर सापडतो, आणि तिथून तो काढल्यावर नव्या फोल्डरचा दुवा त्याच पानाच्या परिचयात ठेवावा, म्हणजे पुढच्या आयोजकाला शोधण्याची वेळ येणार नाही.