महामार्गासाठी रोखे काढताना

कर्जरोख्यांचे प्रस्ताव तपासण्यात माझी सगळी नोकरीची वर्षं गेली, म्हणून आधीच सांगतो: व्याजदर शेवटी बघा. पैसे कुठून फिटणार, ते पहिल्यांदा ठरवा. करातून फेडणार असाल तर सरकारची पत तारण आणि व्याज कमी. टोलमधून फेडणार असाल तर भार वापरणाऱ्यावर, पण व्याज जास्त. अमेरिकेतला पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग १९४० मध्ये खुला झाला, तो काही अंशी केंद्र सरकारच्या अनुदानातून आणि उरलेला टोलवर फेडायच्या रोख्यांतून.

आता टोलचा हिशेब. वर्षाला १३० कोटी येणार म्हणता? त्यातून देखभालीचे ३० आधी काढा. उरले १००. मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाचा हप्ता ८० असेल तर उरलेली रक्कम हप्त्याच्या सव्वा पट. म्हणजे हे १०० वीस टक्क्यांनी घटले तरी हप्ता जेमतेम निघतो, त्याखाली घसरले की बोंब. वाहनसंख्येचे अंदाज बहुधा फुगवलेलेच असतात (सल्लागाराला काम हवं असतं!), म्हणून कमी वाहतूक धरून हेच गणित पुन्हा करा.

बांधकाम चालू असताना टोल शून्य, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू. त्या काळाचं व्याज रोख्यांतून उभारलेल्या रकमेतूनच बाजूला ठेवा. सगळी रक्कम एकदम उचलू नका, कामाच्या टप्प्यांनुसार रोखे काढा. जमीन ताब्यात नसताना तर मुळीच नको. पैसा पडून राहतो आणि व्याज चढत जातं.

मुदत रस्त्याच्या आयुष्यापेक्षा कमीच ठेवा. डांबराचा वरचा थर दुरुस्त करायला दीर्घ मुदतीचं कर्ज काढणारे महाभागही पाहिलेत.